सचोटी कुणाच्या भरवशावर?

महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांना २०१३ साली एका तपासणी केंद्राकडून १२०० रुपयांचा धनादेश आला. त्यांनी एका रुग्णाला एमआरआय काढायला पाठवलं होतं, त्याबद्दलचं हे कमिशन. बावस्करांनी धनादेश परत केला आणि महाराष्ट्र वैद्यक परिषदेकडे तक्रार केली. विंचूदंशाने माणसं मरत असताना कोकणातल्या खेड्यात राहून प्राझोसिन या औषधाचा उपयोग ज्यांनी दाखवून दिला, ज्यांचं संशोधन ‘लॅन्सेट’ने छापलं, ते हे डॉक्टर. त्यांनी पैसे नाकारले यात त्यांना ओळखणाऱ्यांना नवल वाटलं नसेल. पण त्याची बातमी झाली, आणि ती का झाली याचा विचार करताना मन अस्वस्थ होतं. पैसे परत करणं ही बातमी ठरते, कारण पैसे घेणं हा रिवाज आहे हे सगळ्यांनी धरून चाललेलं असतं.

व्यवसायातली सचोटी घडते कशी, हा प्रश्न शिक्षक, वकील, अभियंता, पत्रकार या सगळ्यांना लागू आहे. तो मी इथे वैद्यकीपुरता घेतो आहे. एक तर या व्यवसायावर महाराष्ट्रात सर्वांत जास्त बोललं आणि लिहिलं गेलं आहे. दुसरं म्हणजे सेवेचा गौरव आणि धंद्याचा राग ही दोन्ही टोकं इथे एकाच माणसाच्या वाट्याला येतात. आपण डॉक्टरला सकाळी देव म्हणतो आणि बिल हातात पडल्यावर लुटारू. मधल्या जागेत एक साधी अपेक्षा असायला हवी: काम नीट येणारा, खरं सांगणारा, आपल्या चुकीचा जाब आपल्या बरोबरीच्यांना देणारा व्यावसायिक. ती अपेक्षा आपण फारशी बोलून दाखवत नाही, आणि ती पुरी करणाऱ्या संस्था तर आपण जवळजवळ वाऱ्यावर सोडल्या आहेत. या सगळ्या प्रश्नाकडे पाहताना मला सर्वांत जास्त खुपतं ते हेच.

या विषयाचा अभ्यास करणाऱ्यांनी शंभरेक वर्षांत बरंच काही मांडून ठेवलं आहे. मॅक्स वेबरने १९१७ साली म्युनिकच्या विद्यार्थ्यांपुढे ज्ञानसाधना हे जीवितकार्य कसं असतं यावर व्याख्यान दिलं, तेव्हा त्याने आतल्या ओढीबरोबरच नोकरीची अनिश्चितता, पगार, विद्यापीठांची रचना यांचाही रोकठोक हिशेब मांडला होता. १९३९ साली टॅल्कट पार्सन्सने आणखी पुढचा मुद्दा मांडला. डॉक्टर निःस्वार्थी आणि व्यापारी स्वार्थी असा भेद माणसांच्या मनात शोधू नका, असं त्याचं सांगणं होतं. दोघांनाही यश आणि मान हवा असतो. फरक पडतो तो संस्थांमुळे. एका क्षेत्रातले नियम आणि मानसन्मान स्वार्थाला एका दिशेने वळवतात, दुसऱ्या क्षेत्रातले दुसरीकडे. १९६३ साली केनेथ ॲरो या अर्थशास्त्रज्ञाने दाखवलं की आजारी माणूस काय विकत घेतो आहे हे त्याला स्वतःला कळत नसतं. म्हणून वैद्यकीत बाजाराचा नेहमीचा न्याय चालत नाही आणि विश्वासाला पर्याय उरत नाही. एलियट फ्रीडसनने २००१ च्या पुस्तकात कामाची व्यवस्था लावणाऱ्या तीन रीती सांगितल्या: बाजार, नोकरशाही, आणि तिसरी म्हणजे जाणकारांनी आपल्या कामाचं नियंत्रण स्वतः करण्याची. ही तिसरी रीत कमकुवत झाली की उरलेल्या दोघी तिची जागा घेतात. महाराष्ट्रातल्या वैद्यकीचा गेल्या पन्नास वर्षांचा इतिहास मला या शेवटच्या वाक्याचा दाखला वाटतो.

मात्र हे सगळे विचार जिथे जन्मले त्या समाजांत काम आणि जन्म यांची गाठ आपल्याइतकी घट्ट नव्हती. आपल्याकडे कामाची निष्ठा ही पिढीजात कर्तव्य म्हणून शिकवली गेली. बाळंतपण करणारी सुईण अनेक गावांत दलित जातीतली असे. तिचं कौशल्य सगळ्यांना हवं, तिचा स्पर्श बाळंतपण उरकल्यावर नको. तिच्या कामाला व्रत म्हणायलाही कोणी तयार नव्हतं, मोबदला द्यायलाही नव्हतं. डॉ. आंबेडकरांनी १९३६ च्या ‘ॲनिहिलेशन ऑफ कास्ट’मध्ये दाखवून दिलं की जात ही केवळ कामाची वाटणी नाही, ती काम करणाऱ्यांची वाटणी आहे, माणसाची आवड आणि कुवत तिच्या हिशेबात येतच नाही. स्वतःहून न निवडलेल्या कामात जीव ओतावा अशी अपेक्षा जिथे धर्म म्हणून केली जाते, तिथे ‘सेवाभाव’ हा शब्द सावधपणेच वापरायला हवा. पुढे आशा कार्यकर्तींविषयी बोलताना हे पुन्हा लागेल.

म्हणूनच परीक्षा देऊन डॉक्टर होता येणं ही इथे मोठी सुटका होती. मुंबईत १८४५ साली ग्रँट मेडिकल कॉलेज सुरू झालं. १८५१ साली बाहेर पडलेल्या पहिल्या तुकडीत भाऊ दाजी लाड होते. आनंदीबाई जोशी १८८६ साली फिलाडेल्फियाहून पदवी घेऊन आल्या आणि वर्षाच्या आत गेल्या. रखमाबाईंनी नको असलेला बालविवाह कोर्टात नाकारला आणि १८९४ साली लंडनहून डॉक्टर होऊन परतल्यावर सुरत-राजकोटकडे आयुष्यभर काम केलं. परिचारिकेच्या कामाला तर मान नव्हताच. परक्या पुरुषाचं अंग पुसायचं, सगळ्या जातींना हात लावायचा, हे ‘घरंदाज’ बायकांचं काम नव्हे अशी समजूत होती. मिरजेच्या मिशन रुग्णालयाने आणि पुढे रमाबाई रानड्यांच्या पुण्याच्या सेवासदनाने त्या समजुतीला धक्का दिला. विधवा आणि परित्यक्ता बायकांना त्यातून स्वतःची कमाई आणि स्वतःचं नाव मिळालं.

परळचं केईएम रुग्णालय आणि त्याला जोडलेलं शेठ गोर्धनदास सुंदरदास मेडिकल कॉलेज १९२६ पर्यंत उभं राहिलं. देणगी देणाऱ्यांची अट होती की शिकवणारे सगळे भारतीय असतील. तिथे आणि मुंबईच्या इतर मोठ्या रुग्णालयांत पुढची कित्येक वर्षं ‘ऑनररी’ डॉक्टरांची पद्धत होती: सकाळी नाममात्र मानधनावर गरिबांच्या वॉर्डात, दुपारनंतर स्वतःची प्रॅक्टिस. या पद्धतीचं गुणगान करताना तिचे दोष विसरू नयेत. जागा मिळवण्यासाठी ओळखीपाळखी चालत आणि गरीब रुग्ण हा शिकण्याचा विषय होऊन बसे. तरी तिच्यात एक गोष्ट होती जी आज हरवली आहे. शहरातला सर्वांत नामांकित शल्यविशारद रोज सकाळी आपल्या बरोबरीच्या आणि हाताखालच्या डॉक्टरांच्या डोळ्यांसमोर काम करत होता. त्याचा कोणता रुग्ण का दगावला हे दहा जणांना ठाऊक असे. खासगी रुग्णालयाच्या बंद दाराआड ही नजर पोचत नाही.

आता शिकण्याकडे वळू. हॉवर्ड बेकर आणि त्याच्या सहकाऱ्यांनी कॅन्सस विद्यापीठातल्या वैद्यकीय विद्यार्थ्यांचं जवळून निरीक्षण करून १९६१ साली ‘बॉइज इन व्हाइट’ हे पुस्तक लिहिलं. मुलं आदर्श घेऊन येतात, पहिल्याच वर्षी अभ्यासाच्या ओझ्याखाली ‘परीक्षेत काय येईल’ एवढंच पाहू लागतात, आणि आदर्श बाजूला ठेवतात, टाकून मात्र देत नाहीत, असं त्यांना दिसलं. पुढे फ्रेडरिक हॅफर्टीने १९९४ मध्ये ‘छुपा अभ्यासक्रम’ ही कल्पना वैद्यकीय शिक्षणाला लावली. नीतीचे धडे वर्गात होतात, पण मुलगा शिकतो ते वॉर्डातल्या सरांचं वागणं बघून. सर रुग्णाच्या नातेवाइकांशी कसे बोलतात, औषध कंपनीच्या माणसाला किती वेळ देतात, चूक झाली की कुणाचं नाव पुढे करतात, हा तो खरा अभ्यासक्रम.

आपल्याकडे तो अकरावीतच सुरू होतो. २०२४ साली देशभरात सुमारे २३ लाख मुलं वैद्यकीय प्रवेशाच्या नीट परीक्षेला बसली आणि एमबीबीएसच्या जागा लाखभराच्या आसपास होत्या. लातूरने या स्पर्धेची एक पद्धतच घडवली. मराठवाड्यातल्या हजारो शेतकरी कुटुंबांतल्या मुलांना तिने दार उघडून दिलं हे मान्य करायलाच हवं. पण दोन-तीन वर्षं रोज बहुपर्यायी प्रश्न सोडवणाऱ्या मुलाला त्या काळात एकदाही आजारी माणसाजवळ बसायला कोणी सांगत नाही. २०१९ च्या नव्या अभ्यासक्रमात वृत्ती, नीती आणि संवाद यांचा स्वतंत्र भाग आला. हे चांगलंच झालं. मात्र त्याच विद्यार्थ्याला निवासी डॉक्टर झाल्यावर सलग छत्तीस तास उभं केलं, तर त्या धड्यांतलं फार काही शिल्लक राहत नाही. निवासी डॉक्टरांना आठवड्याला साधारण ४८ तासच काम असावं असा केंद्राचा निर्देश १९९२ चा आहे. २०२४ साली राष्ट्रीय वैद्यक आयोगाच्या कृतिदलाने शिफारस केली ती आठवड्याला जास्तीत जास्त ७४ तासांची. बत्तीस वर्षांत कागदावरची अपेक्षासुद्धा इतकी खाली आली. झोप न मिळालेला माणूस रुग्णाशी तुसडेपणाने बोलला की आपण त्याचे संस्कार काढतो. त्याच्या ड्यूटीचा तक्ता कुणी मागत नाही.

याला वेगळं वळण देण्याचा एक प्रयत्न विदर्भात झाला. सेवाग्रामला १९६९ साली डॉ. सुशीला नायर यांनी महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्था सुरू केली. पहिल्या वर्षाची मुलं एका खेड्यात पंधरा दिवस राहतात, तिथली कुटुंबं दत्तक घेतात, पुढची वर्षं त्यांच्याकडे जात राहतात. पदव्युत्तर शिक्षणासाठी आधी दोन वर्षं ग्रामीण सेवा केलेली असावी अशी संस्थेची अट होती. तिथून निघालेला प्रत्येक डॉक्टर खेड्यात राहिला नाही, आणि ती अपेक्षाही रास्त नव्हे. पण त्या संस्थेने मूल्यांना वेळापत्रकात जागा दिली, भाषणात नव्हे. राज्य सरकारचा बाँड याच्या उलट आहे. एमबीबीएसनंतर वर्षभर ग्रामीण सेवा, नाहीतर दहा लाख रुपये भरा, असा तो व्यवहार राहिला. पैसे भरून सुटता येतं असं सांगितल्यावर सेवेची किंमत आपणच ठरवून टाकली.

पैशाचा विषय इथे टाळता येत नाही. महाराष्ट्रात विनाअनुदानित व्यावसायिक महाविद्यालयांचं दार वसंतदादा पाटलांच्या १९८३ ते १९८५ च्या कारकिर्दीत मोठ्या प्रमाणावर उघडलं. लोणी, कऱ्हाड इथे १९८४ मध्ये वैद्यकीय महाविद्यालयं आली, पुढे पुणे, कोल्हापूर, नवी मुंबई. ग्रामीण भागात मोठी रुग्णालयं उभी राहिली हा त्याचा लाभ. पण कॅपिटेशन फी इतकी बोकाळली की १९८७ साली तिच्याविरुद्ध कायदा करावा लागला. आज राज्यातल्या काही अभिमत विद्यापीठांत एमबीबीएसची वर्षाची फी वीस लाखांच्या पुढे आहे. वडिलांनी जमीन विकून किंवा कर्ज काढून पोरगा डॉक्टर केला की पहिल्या दिवसापासून त्याच्या डोक्यावर परतफेड असते. त्याने तालुक्याच्या गावी नर्सिंग होम टाकायचं म्हटलं तर जागा, यंत्रं, परवाने यांचं दुसरं कर्ज. त्याच्याकडे रुग्ण पाठवणारा दुसरा डॉक्टर चाळीस टक्के मागतो. नाही म्हटलं तर ओपीडी रिकामी. मोठ्या कंपनी-रुग्णालयात नोकरी धरली तर महिन्याला इतक्या अँजिओप्लास्टी, इतके भरती रुग्ण असं ‘टार्गेट’ मिळतं. डॉ. अरुण गद्रे यांनी देशभरातल्या डॉक्टरांशी बोलून ‘कैफियत’ हे पुस्तक लिहिलं. वाईट डॉक्टरांच्या सुरस कथा त्यात नाहीत. चांगलं वागू पाहणाऱ्या डॉक्टरची कोंडी कशी होते हे डॉक्टर स्वतः सांगतात, म्हणून ते वाचताना जीव कासावीस होतो. पार्सन्स म्हणतो तेच हे: माणूस तोच, त्याच्याभोवतीची रचना बदलली.

कमिशन घेणं हा गैरवर्तनाचा प्रकार आहे हे भारतीय वैद्यक परिषदेच्या २००२ च्या आचारसंहितेतच लिहिलेलं आहे. नियम नव्हता असं नाही. २०१७ साली मुंबईतल्या एका हृदयरोग रुग्णालयाने ‘आम्ही डॉक्टरांना कमिशन देत नाही’ अशा अर्थाचे फलक लावले, तेव्हा डॉक्टरांच्या संघटनेने ते फलक काढायची मागणी केली; साऱ्या व्यवसायाची बदनामी होते असं तिचं म्हणणं होतं. मला वाटतं, त्या दिवशी संघटनेने एक मोठी संधी गमावली. ‘आम्हीही देत-घेत नाही आणि जो घेईल त्याला आम्ही आमच्यात ठेवणार नाही,’ एवढं म्हटलं असतं तर राज्यातल्या हजारो प्रामाणिक डॉक्टरांना पाठबळ मिळालं असतं. त्याच वर्षी माजी पोलीस महासंचालक प्रवीण दीक्षित यांच्या अध्यक्षतेखालच्या समितीने कट प्रॅक्टिसविरोधी, म्हणजे असं कमिशन देण्याघेण्याविरुद्धच्या, कायद्याचा मसुदा तयार केला. तो कायदा झालेला नाही.

आणि इथेच या आढाव्याचा गाभा आहे. मुंबई इलाख्यात डॉक्टरांची नोंदणी ठेवणारा कायदा १९१२ मध्ये आला. आजची महाराष्ट्र वैद्यक परिषद १९६५ च्या कायद्याने चालते. डॉक्टरला परवाना देणं आणि गैरवर्तन झालं तर तो काढून घेणं हे तिचं काम. १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला मुंबईतल्या काही डॉक्टरांनी या परिषदेची निवडणूक स्वच्छ व्हावी म्हणून कंबर कसली. त्यात केईएमचे मेंदूशल्यविशारद डॉ. सुनील पंड्या, डॉ. अमर जेसानी अशी माणसं होती. मतपत्रिकांच्या गैरप्रकारांपुढे त्यांचं काही चाललं नाही. पण त्या लढ्यातून ‘फोरम फॉर मेडिकल एथिक्स’ उभा राहिला आणि १९९३ पासून त्यांनी चालवलेलं नियतकालिक आज ‘इंडियन जर्नल ऑफ मेडिकल एथिक्स’ म्हणून जगभर वाचलं जातं. त्याआधी १९७४ पासून मेडिको फ्रेंड सर्कल हा मित्रगट आरोग्यव्यवस्थेवर खुली चर्चा घडवत आलाच होता. म्हणजे आत्मपरीक्षण करणारे लोक या व्यवसायात कायम होते. त्यांना अधिकाराच्या जागी पोचू दिलं गेलं नाही. परिषदेवर वर्षानुवर्षं प्रशासक राहिले. २०१६ च्या अखेरीस निवडणूक झाली, २०२२ मध्ये मुदत संपली आणि पुन्हा प्रशासक आला. दिल्लीत २०१० साली भारतीय वैद्यक परिषदेचे अध्यक्ष लाचखोरीच्या आरोपात अटकेत गेले, परिषद बरखास्त झाली, आणि २०२० मध्ये तिच्या जागी प्रामुख्याने सरकारनियुक्त सदस्यांचा राष्ट्रीय वैद्यक आयोग आला. फ्रीडसनची तिसरी रीत अशी मागे पडली. नोकरशाही तिच्या खुर्चीवर बसली. नव्या आयोगाने ऑगस्ट २०२३ मध्ये जेनेरिक औषधं आणि कंपन्यांच्या पैशावरच्या परिषदा यांबद्दल कडक नियम काढले आणि तीन आठवड्यांत स्थगित केले.

स्वनियमन कोलमडलं की किती मोठी किंमत मोजावी लागते हे गर्भलिंगनिदानाने दाखवलं. त्याविरुद्ध देशातला पहिला कायदा महाराष्ट्रानेच १९८८ साली केला, आणि त्यासाठी झगडणाऱ्यांत स्त्री संघटनांबरोबर डॉक्टरही होते. केंद्राचा कायदा १९९४ चा. तरी तो राबवला जात नाही म्हणून सेहत आणि मासूम या संस्था व डॉ. साबू जॉर्ज यांना २००० साली सर्वोच्च न्यायालयात जावं लागलं. राज्यात शून्य ते सहा वयोगटात दर हजार मुलग्यांमागे मुली १९९१ ला ९४६ होत्या, २००१ ला ९१३, २०११ ला ८९४. बीड जिल्ह्यात ८०७. या आकड्यांमागे सोनोग्राफीच्या खोलीत बसलेला पदवीधर, नोंदणीकृत डॉक्टर होता. त्याच्या गावातल्या इतर डॉक्टरांना ते माहीत होतं. परवान्यांवर कारवाई झाली ती बहुतेक न्यायालयाच्या आणि सरकारच्या रेट्यानंतर. मुली गेल्या त्या या शांततेत.

इंग्लंडमध्येही डॉक्टरांची परिषद दीर्घकाळ आपल्या माणसांना सांभाळून घेई. ब्रिस्टलच्या रुग्णालयात हृदयशस्त्रक्रियेत मुलं दगावत राहिली, मँचेस्टरजवळचा डॉक्टर हॅरोल्ड शिपमन आपल्याच रुग्णांचे खून करत राहिला, आणि या दोन्ही प्रकरणांच्या चौकशांनंतर तिथे परिषदेची रचना बदलली. आज तिच्यावर निम्मे सदस्य डॉक्टर नसलेले नागरिक आहेत आणि शिस्तभंगाचे खटले वेगळं न्यायाधिकरण चालवतं. हे मॉडेल जसंच्या तसं आणा असं मी म्हणत नाही. पण बरोबरीच्यांची नजर आणि बाहेरच्यांचा डोळा हे दोन्ही एकत्र ठेवता येतात, हे त्यातून दिसतं. अमेरिकेचा अनुभव दुसऱ्या बाजूने सावध करतो. १९१० च्या फ्लेक्सनर अहवालाने तिथल्या सुमार वैद्यकीय शाळा बंद पाडल्या आणि दर्जा वाढला, पण कृष्णवर्णीयांच्या सातपैकी पाच शाळाही बंद झाल्या. दर्जाच्या नावाखाली दार कुणासाठी लावलं जातं, हे नीटच्या चर्चेतही विचारायला हवं.

बरोबरीच्यांनी जाब विचारला नाही तेव्हा रुग्ण कोर्टात गेला. १९९५ साली सर्वोच्च न्यायालयाने व्ही. पी. शांता प्रकरणात पैसे घेऊन दिलेली वैद्यकीय सेवा ग्राहक संरक्षण कायद्यात आणली. २००५ च्या जेकब मॅथ्यू निकालाने डॉक्टरवर फौजदारी गुन्हा लावण्याआधी दुसऱ्या जाणकार डॉक्टरचं मत घ्यायला सांगितलं. २०२४ च्या मे महिन्यात याच न्यायालयाने वकिलांना ग्राहक कायद्याच्या बाहेर ठेवलं, व्यावसायिकाचं काम व्यापाऱ्यासारखं मोजता येत नाही असं म्हटलं आणि डॉक्टरांबाबतचा निकालही पुन्हा तपासावा असं सुचवलं. नोव्हेंबरमध्ये मोठ्या पीठाने त्याची गरज नाही असं सांगितलं. मला रुग्णाचा कोर्टात जाण्याचा हक्क मोलाचा वाटतो. तो हक्क नसता तर अनेक कुटुंबांना साधं उत्तरही मिळालं नसतं. पण भरपाईचा दावा एका चुकीचा निकाल लावतो, पुढची चूक टाळायला शिकवत नाही. शिवाय दाव्याच्या भीतीने तपासण्या वाढतात, गुंतागुंतीचा रुग्ण जिल्ह्याला, तिथून मुंबई-पुण्याला ढकलला जातो. विश्वास संपला की हात उगारले जातात. मार्च २०१७ मध्ये धुळ्याच्या सरकारी रुग्णालयात निवासी डॉक्टरला जमावाने इतकं मारलं की त्याचा डोळा गेला. हल्ल्यांविरुद्धचा राज्याचा कायदा तेव्हा सात वर्षांचा होता.

आता व्रताबद्दल. केईएममधली परिचारिका अरुणा शानबाग हिच्यावर २७ नोव्हेंबर १९७३ रोजी रुग्णालयातच हल्ला झाला आणि मेंदूला इजा होऊन ती १८ मे २०१५ पर्यंत अंथरुणावर राहिली. या एक्केचाळीस वर्षांत तिथल्या परिचारिकांच्या पिढ्या बदलल्या. नव्या मुलींनी तिला कधी उभं पाहिलेलं नव्हतं, तरी तिचं खाणंपिणं, अंग पुसणं, कूस बदलणं चालू राहिलं आणि तिला शय्याव्रण होऊ दिले नाहीत. २०११ साली सर्वोच्च न्यायालयाने तिच्या वतीने बोलण्याचा हक्क या कर्मचाऱ्यांचाच मानला. माणसाने माणसासाठी काय करावं याचं यापेक्षा मोठं उदाहरण मला माहीत नाही. आणि तरीही, अरुणावर हल्ला झाला तेव्हा कपडे बदलायला तिला सुरक्षित खोली नव्हती, ती तळघरात गेली होती. ऑगस्ट २०२४ मध्ये कोलकात्याच्या आर. जी. कर रुग्णालयात निवासी डॉक्टर तरुणीवर बलात्कार करून खून झाला, ती विश्रांतीसाठी सेमिनार हॉलमध्ये आडवी झाली होती. पन्नास वर्षांत आपण त्यागाचे पुतळे पुष्कळ उभारले. कुलूप लागणारी खोली दिली नाही.

हीच गोष्ट आशा कार्यकर्तींची. २००५ च्या राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियानाने गावोगाव आशा नेमल्या. महाराष्ट्रात त्या सुमारे ७० हजार आहेत. लसीकरण, बाळंतपण, क्षयरुग्णांच्या गोळ्या, कोविडमध्ये घरोघरची तपासणी, सगळं त्यांच्यावर. सरकारच्या कागदावर मात्र त्या ‘स्वयंसेविका’, म्हणून पगार नाही, कामागणिक मोबदला आणि मानधन. २०२२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने देशातल्या आशांचा गौरव केला. त्याच्या आदल्या जूनमध्ये महाराष्ट्रातल्या आशा संपावर होत्या, २०२३ च्या ऑक्टोबरमध्ये पुन्हा संपावर गेल्या. अंगणवाडी सेविकांना निदान ग्रॅच्युइटीचा हक्क आहे हे सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०२२ मध्ये मान्य केलं. ज्या बाईला आपण सेवेचं प्रतीक म्हणतो तिला कामगार म्हणायला आपण तयार नाही. सुईणीच्या बाबतीत जे झालं त्याचाच हा धागा आहे, फक्त आता तो शासन निर्णयात लिहिलेला आहे.

व्रत आणि व्यवसाय एकत्र नांदू शकतात हेही याच मातीत दिसलं आहे. जामखेडला १९७० साली काम सुरू करणाऱ्या डॉ. रजनीकांत आणि मेबल आरोळे यांनी दलित आणि निरक्षर बायकांना आरोग्य कार्यकर्त्या केलं, दर आठवड्याला शिकवलं, त्यांचं ऐकलं. गडचिरोलीत ‘सर्च’ या संस्थेच्या डॉ. अभय आणि राणी बंग यांनी गावातल्याच बायकांना नवजात बाळाची काळजी घ्यायला, गरज पडल्यास इंजेक्शन द्यायलाही शिकवलं. इंजेक्शन फक्त डॉक्टरनेच द्यायचं ही सीमा त्यांनी ओलांडली, पण मनमानीने नव्हे, मोजमाप ठेवून. १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये आलेल्या त्यांच्या अभ्यासात नवजात मृत्यूचं प्रमाण ६२ टक्क्यांनी कमी झालेलं दिसलं. बंग दांपत्याच्या त्यागाबद्दल आपण भरभरून बोलतो. मला त्यांच्या वह्या जास्त महत्त्वाच्या वाटतात: प्रत्येक जन्म, प्रत्येक मृत्यू, तो दुसऱ्याने पडताळलेला. तिथे सेवा टिकली ती हिशेब दिल्यामुळे.

सगळ्या डॉक्टरांनी गडचिरोलीला जावं अशी मागणी चुकीची आहे, आणि थोडी आळशीही. नाशिकच्या किंवा नांदेडच्या एखाद्या रस्त्यावरच्या दवाखान्यात आयुष्यभर नीट औषध देणाऱ्या डॉक्टरला कमिशन न देता जगता यावं, एवढं आपण घडवू शकलो तरी पुष्कळ आहे. त्यासाठी लागणाऱ्या गोष्टी सामान्य आहेत. महाराष्ट्र वैद्यक परिषदेची निवडणूक वेळेवर होणं, तिच्या शिस्त समितीत डॉक्टर नसलेली माणसं असणं, तिचे निकाल नावानिशी लोकांना वाचायला मिळणं. निवासी डॉक्टरच्या तासांवर खरी मर्यादा. आशांना पगार. आणि २०२१ च्या शुश्रूषागृह नोंदणी नियमांनी जे आधीच बंधनकारक केलं आहे ते प्रत्यक्षात येणं: रुग्णहक्कांची सनद आणि मुख्य सेवांचे दर प्रत्येक खासगी रुग्णालयाने दर्शनी भागात लावायचे, आणि महापालिकेने किंवा जिल्हा आरोग्य यंत्रणेने तक्रार ऐकणारा कक्ष चालवायचा. तुमच्या गावात हा कक्ष कुठे आहे, त्याचा फोन कोण उचलतं, हे पुढच्या वेळी कुणाला दाखल करायच्या आधी विचारून ठेवा. सनद भिंतीवर नसेल तर मागा, आणि तुमच्या ओळखीच्या डॉक्टरलाही ती मागणी करायला सोबत घ्या.